स्टूल

नारिनला जानेवारीत थुंकलं
तर जमिनीवर खडा पडल्यासारखं वाजतं, म्हणतात.
मी ऐकलेलं नाही. पण पहाटे साडेपाचला
कुस्तीच्या हॉलचं दार ढकलावं, तर शेगडी पेटलेली,
मॅट पुसून ओली,
आणि बादलीवर फडकं पिळणारे हात सबिरबेक आगायचे.
आगाय, म्हणजे आमच्याकडचे गुरुजी.
वय अठ्ठावन्न. एक कान चुरगळलेला, कोबीच्या पानासारखा.

"आम्ही पुसतो ना," मीरिम म्हणायची.
"पुसा की. उद्या माझ्या आधी या."
तीन वर्षांत आम्ही एकदाच पोचलो त्यांच्या आधी.
ते पुढे सांगते.

पहिल्या दिवशी डाव नाही, स्टूल दाखवलं त्यांनी.
तीन पाय काळपट, चौथा नवा, पिवळा.
"बिश्केकमध्ये हे मी पंचाच्या अंगावर फेकलं.
पंच वाचला. पाय मोडला तो ह्याचा.
दोन वर्षं बंदी. दंडापायी घोडी विकली.
स्टुलाचेही पैसे घेतले माझ्याकडून,
मग म्हटलं, आता हे माझंच."
आम्ही हसलो. ते हसले नाहीत.
"नावात सबुरी घेऊन जन्मलो," म्हणाले,
"वापरायला काढली पंचेचाळिसाव्या वर्षी."

त्यानंतर दुसऱ्या कशावर बसलेच नाहीत.
जरा पुढे झुकले की ते करकरायचं.
आम्ही मॅटवर, पाठमोऱ्या, घामात,
तरी कळायचं:
कर्र. आगायना काहीतरी चढतंय.
मग शांतता. उतरलं.
ह्या दोहोंच्या मध्ये त्यांच्यात जे घडायचं
त्याचा तास त्यांनी कधी घेतला नाही.

स्पर्धेआधी आम्ही वजन उतरवायचो,
ओठ नुसते ओले करून झोपायचो.
दामिरा, त्यांची बायको, गरम बोरसोक तळून आणायची,
ते ताटली झाकून ठेवायचे.
"तुला कुठल्या वजनगटात उतरायचंय, म्हाताऱ्या?"
उत्तर नाही.
पोटातली गुरगुर मात्र सगळ्या हॉलनं ऐकली.

आणि एकदा घसरले.
तिनार तिसऱ्यांदा त्याच पकडीत सापडली तेव्हा
तिच्या आईवरून असं काही बोलले
की आम्ही खाली मान घालून आपापले बूट बघत राहिलो.
दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर शेगडी गार, मॅट कोरडी.
साडेसहाला आले. मिशांत बर्फ.
चार किलोमीटर चालत तिनारच्या आईकडे जाऊन आले होते.
"काल बोललं ते माझं तोंड," सगळ्यांसमोर म्हणाले,
"दुसऱ्या कुणाचं नव्हे. तिनार, माफ कर."
आणि बादली उचलली.
तिनार काही बोलली नाही.
दुसरं फडकं घेऊन मॅटच्या पलीकडच्या कोपऱ्यातून
पुसत आली.

काल ओशला माझी बेगिमाई हरली.
शेवटच्या सात सेकंदांतला तिचा गुण पंचांनी दिलाच नाही,
आणि दाद मागायची संधी मी आधीच घालवून बसले होते.
गर्दी माझ्याकडे बघत होती. फेडरेशनचे कोटवालेही.
माझ्या खाली ते स्टूल,
नारिनपासून बसमध्ये मांडीवर धरून आणलेलं.
कर्र.
घशाशी आलेलं तिथेच धरून बसले.
किती वेळ, ठाऊक नाही.
मला आगायसारखं जमत नाही अजून, हात थरथरतात.

बेगिमाईनं पंचाशी हात मिळवला,
मग पलीकडच्या कोचशी,
आणि परत येताना गुणफलकाकडे नाही,
माझ्या पायांपाशी बघत आली.
"वाजलं ना?"
"वाजलं."
"थांबेपर्यंत थांबले मी. मग हात पुढे केला."
इतकं बोलून टॉवेलात तोंड खुपसलं
आणि मनसोक्त रडली.

पिवळा पाय पुन्हा सैल झालाय.
घरी गेल्यावर खिळा ठोकायला हवा.
फार घट्ट नको.